सदतीस कंपन्यांची बेरीज

सोमवार, ६ जानेवारी

शेवटी समिती नेमली. माझ्याच अध्यक्षतेखाली आणि माझ्याच डोक्यावर.

समूहाच्या सदतीस कंपन्या, नऊ चलनं. दर महिन्याला प्रत्येक कंपनी आपले आकडे पाठवते. ते एकत्र करायचे, कंपन्यांनी एकमेकींशी केलेला व्यवहार त्यातून काढून टाकायचा आणि सगळ्यांचा मिळून एक ताळेबंद मांडायचा. घरच्या घरी विकलेल्या मालावर नफा धरायचा नाही, एवढं एक मर्म. चौदा वर्षं हे काम माझ्या एका फाइलवर चाललंय. चौसष्ट शीट्स आहेत तिच्यात. कोणी तिला म्हातारी म्हणतं, कोणी राक्षसीण. चौदा वर्षांत एकदाही चुकली नाही, असं मात्र कोणी म्हणत नाही.

गेल्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. नऊ दिवस मी नव्हते आणि निकाल नऊ दिवस उशिरा लागले. संचालक मंडळाने ठराव केला, ‘एका व्यक्तीवरील अवलंबित्व हा धोका आहे.’ म्हणजे धोका मी. पित्ताशय नामानिराळं.

साहेब, म्हणजे आमचे वित्त संचालक, गोड बोलून म्हणाले, “मॅडम, सॉफ्टवेअर तुम्हीच निवडा. तुमच्याइतकं हे कोणाला कळतं?” एवढं कळतं तर मग माझ्याऐवजी यंत्र कशाला आणताय, हे विचारायचं राहून गेलं.

गुरुवार, ९ जानेवारी

पहिली बैठक. समितीत मी, कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख, खरेदीवाले, बाहेरून आणलेला एक सल्लागार आणि माझे उपप्रमुख. हे उपप्रमुख चार वर्षांपूर्वी आम्ही पंपांची कंपनी विकत घेतली तिच्यासोबत आले, घर घेतल्यावर मागच्या भाडेकरूचं मांजर यावं तसे. ती कंपनी आमच्या यादीत एकतिसावी. वय अठ्ठेचाळीस, दिवसाला शब्द दहा. सगळे त्यांना मौनीबाबा म्हणतात, तोंडावर सोडून.

सल्लागाराने १८६ प्रश्नांची यादी आणलीय. प्रत्येक प्रश्नाला गुण. ‘सॉफ्टवेअर वापरायला आनंददायी आहे का?’ हाही प्रश्न आणि त्याला पाच गुण. मी म्हटलं, “ताळेबंद जुळतो का, याला किती?” म्हणाला, “तोही पाचच, मॅडम. समतोल राहायला हवा.”

समतोल म्हणे. माझा तर तोल जायची वेळ आलीय.

बुधवार, १५ जानेवारी

पहिल्या कंपनीचा डेमो. कोट घातलेले चारजण. अडीच तास रंगीत चित्रं दाखवली. हिरवे खांब, निळे खांब, बोट लावलं की फिरणारा गोल. खरेदीवाले लहान मुलासारखे म्हणाले, “पुन्हा फिरवा बघू!” कॉम्प्युटर प्रमुखांनी विचारलं, फोनवर दिसेल का. दिसेल म्हणाले. आता सदतीस कंपन्यांचा ताळेबंद माणसं लिफ्टमध्ये उभ्याने बघणार.

मी या कंपनीचं नाव रंगारी ठेवलंय.

शेवटी विचारलं, “हे आकडे कोणाचे?” म्हणे नमुन्याचे. नमुन्याच्या आकड्यांत सगळंच जुळतं हो. लग्नाच्या फोटोत सगळेच सुखी असतात.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज मला अक्कल सुचली. बोलावलेल्या तिन्ही विक्रेत्यांना आमचे गेल्या वर्षीचे खरे आकडे द्यायचे, सदतीसही कंपन्यांचे, गुप्ततेचा करार करून. त्यांनी ते आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचे आणि आमचा छापलेला ताळेबंद काढून दाखवायचा. जुळला तर पुढे बोला. साहेबांनासुद्धा पटलं. सल्लागाराचं तोंड कडू झालं, कारण ही परीक्षा त्याच्या १८६ प्रश्नांत नव्हती.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेत, आता दिवसभर गॅलरीतल्या कुंड्या मोजतात. म्हणाले, “छान केलंस. पण जुळला नाही तर?”

“तर सॉफ्टवेअर बाद.”

“असं होय,” म्हणाले आणि झारी घेऊन गेले.

मंगळवार, २८ जानेवारी

रंगारी आले. खांब हिरवे, आकडा चुकीचा. गोदामातल्या मालाची किंमत आणि म्हणून नफाही, दोन्ही ४ कोटी १६ लाखांनी कमी. बाकी सगळं जुळलं म्हणून सांगत होते. बाकी सगळं जुळून काय उपयोग? भाताला मीठ घातलंय, तांदूळ घालायचा राहिला!

त्यांच्यातला एकजण म्हणाला, “मॅडम, फरक नेमका कुठून येतोय ते आम्ही तुमच्या टीमबरोबर बसून...” मी म्हटलं, “फरक तुमचा, बसा तुम्ही.”

बैठक संपल्यावर मौनीबाबा दाराशी घुटमळले. “मॅडम, एकदा आपणही बघू या का?”

“काय बघायचंय?”

“नाही... असंच.”

असंच म्हणे. महिन्यातून एकदा तोंड उघडतात आणि तेही असंच.

शुक्रवार, ३१ जानेवारी

दुसरी कंपनी. यांना मी हो-हो म्हणते. काहीही विचारा, “हो, हो, होतं ना!” चहासुद्धा बनवतं का विचारलं असतं तरी हो म्हणाले असते. फरक किती? ४ कोटी १६ लाख. कमी.

मी फाइल आपटली. सरळ आहे, हे लोक एकमेकांची नक्कल करतात. रंगाऱ्यांचा माणूस सोडून हो-होंकडे जातो, त्यांचा इकडे येतो, सोबत चुकाही घेऊन जातो. सल्लागाराला सांगितलं, दोघांना खरमरीत पत्र लिहा. तो चष्मा पुसत बसला. “दोघांची रचना पूर्ण वेगळी आहे, मॅडम,” म्हणाला.

“चूक तर एकच आहे ना?”

त्यावर सगळे आपापल्या वहीत काहीतरी लिहायला लागले. मी काही बोलले की हल्ली ह्या लोकांना फार लिहायचं असतं.

रविवार, २ फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना ह्यांना सगळं सांगितलं. यांनी पेपर खाली ठेवला.

“दोघांचं उत्तर एकच आलं?”

“हो. चोर आहेत दोघं.”

“आमच्याकडे असं झालं ना, एकाने पूर्वेकडून मोजलं, दुसऱ्याने पश्चिमेकडून, आणि दोघांची हद्द एकाच दगडावर आली, तर आम्ही माणसं नाही, नकाशा तपासायचो.”

“ही जमीन नाही. हा ताळेबंद आहे.”

“बरं,” म्हणाले. ह्यांच्या ‘बरं’चा मला फार राग येतो. त्या ‘बरं’मध्ये बरं असं काही नसतं. दुपारपर्यंत बोलले नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

तिसरी कंपनी. कंपनी कसली, एक जाड चष्म्याची बाई आणि तिचा भागीदार, दोघांचा मिळून एक लॅपटॉप. खरेदीवाल्यांनी स्वस्त म्हणून बोलावलेले. पडदा काळापांढरा. खांब नाहीत, गोल नाहीत. माझी अपेक्षा शून्य होती.

बाई म्हणाली, “तुमच्या छापील आकड्याशी ४ कोटी १६ लाखांचा फरक येतोय.”

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, तुम्हीही त्याच शाळेतल्या का?

तिला राग आला नाही. तिने त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि तो उघडला. आत दुसरा तक्ता. तो उघडला, आत तिसरा. कांदा सोलावा तसा सोलत गेली. शेवटी एकच ओळ राहिली. कंपनी एकतीस, म्हणजे पंपांची. तिने पंप विकले कंपनी बाराला. बाराच्या गोदामात वर्षाअखेर ते पंप पडून होते, बाहेरच्या कोणी घेतलेले नव्हते. एकतिसाने त्यांच्यावर धरलेला नफा ४ कोटी १६ लाख.

“हा आमच्याकडे वजा होतोय,” बाई म्हणाली. “तुमच्याकडे झालेला दिसत नाही.”

“होतो,” मी म्हटलं. “आमच्याकडे बाविसावं शीट त्याच्यासाठीच आहे.”

“असेल, मॅडम,” ती म्हणाली.

मी बैठक तिथेच संपवली. उद्या या म्हटलं. मौनीबाबा खाली मान घालून बसले होते, परीक्षेत शेजारच्याची कॉपी पकडली गेल्यावर पोरं बसतात तसे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

सकाळी साडेसातला ऑफिसात. झाडूवाल्या मावशी सोडून कोणी नव्हतं. बाविसावं शीट उघडलं. कंपन्यांची नावं एकाखाली एक, समोर घरचा नफा, तळाशी बेरीज. एकतिसाच्या समोर आकडा होता. ४ कोटी १६ लाख. मी स्वतः घातलेला. बघ म्हटलं, आहे की!

मग बेरजेवर क्लिक केलं.

बेरीज पहिल्या ओळीपासून तिसाव्या ओळीपर्यंत होती. एकतिसाव्या ओळीपर्यंत पोचतच नव्हती. चार वर्षांपूर्वी आपल्याकडे तीसच कंपन्या होत्या. पंपवाली आली तेव्हा मी खाली ओळ वाढवली, तिच्यामागून आणखी सहा आल्या, त्यांच्याही ओळी वाढवल्या, आणि बेरीज होती तिथेच राहिली. त्या सहाजणी घरात काही विकत नाहीत, त्यांच्या समोर शून्यच. म्हणून कुठे बोंब झाली नाही. चार वर्षं. चार छापील ताळेबंद. ऑडिटर दरवर्षी येतात, त्यांना वाटलं, बाईंची बेरीज काय तपासायची.

पहिल्यांदा काय केलं असेल मी? सूत्रात ३०चं ३७ केलं. एका सेकंदात नवा आकडा आला. तिघांचाच आकडा. मग पुन्हा ३० केलं. पुन्हा ३७. पुन्हा ३०. असं किती वेळ करत होते कोण जाणे. मावशींनी विचारलं, बरं वाटत नाही का?

त्या बाईला निरोप पाठवला, आज नको.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मौनीबाबांना केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

ते टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाले, “संशय होता.”

“कधीपासून?”

“पहिल्या वर्षापासून. पंपांचा माल मीच मोजायचो ना, मॅडम, तिकडे असताना. एकत्र ताळेबंदात त्याची किंमत फार वाटली.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो होतो.”

मला आठवेना. शपथेवर सांगते, आठवेना. म्हटलं, मी काय म्हणाले?

त्यांनी अगदी हळू सांगितलं. जसं काही ते वाक्य त्यांचंच असावं आणि त्याची त्यांना लाज वाटावी. “तुम्ही म्हणालात, तुमच्या कारखान्यात चालत असेल असं, इथे बेरजा चुकत नाहीत. सगळ्यांसमोर म्हणालात. मग मी पुन्हा नाही विचारलं.”

एवढी मोठी वाक्यं त्यांच्या तोंडून चार वर्षांत ऐकली नव्हती. रागवावं तर कोणावर? तरीही राग आलाच. त्यांचाच आला. पुन्हा विचारायला काय झालं होतं या माणसाला? हे लिहिताना कळतंय की हे बरोबर नाही. पण आला तो आला.

सोमवार, १० फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं. वाटलं होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, दार लावलं, मला पाणी दिलं.

“मॅडम, एवढ्या मोठ्या समूहात चार कोटी म्हणजे दर्या में खसखस.”

“पण चूक आहे, साहेब.”

“चूक कशी? आपण नवीन सॉफ्टवेअर घेतोय. पद्धत बदलली की थोडा फरक पडतो. खाली एक टीप टाकू. कोण विचारतंय?” मग म्हणाले, “हो-होंचं का घेत नाही? चांगले लोक आहेत. त्यांच्यात एकूण फरक दिसतो, कुठून आला ते काही दिसत नाही. त्या चष्मेवाल्या बाईंचं फारच उघडं आहे. प्रत्येक आकड्याचं पोट फाडून दाखवतं. ऑडिटरच्या हातात ते गेलं तर मागची चार वर्षं उकरतील.”

जूनमध्ये साहेब कार्यकारी संचालक व्हायचे आहेत. हे त्यांनी सांगितलं नाही, सगळ्यांना माहीत आहे.

“तुमची चौदा वर्षांची अब्रू आहे, मॅडम. मी तुमच्यासाठीच बोलतोय.”

विचार करते म्हणून आले. आणि खरं सांगायचं तर विचार करतेच आहे. एक टीप. दोन ओळी. कोणाचं घर बुडणार नाही, कोणाचा पगार जाणार नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दिवसभर गुणांचा तक्ता भरत बसले. हो-होंना कुठे कुठे वाढवून देता येतील ते बघितलं. ‘वापरायला आनंददायी’ पाचपैकी पाच. ‘विक्रेत्याचा प्रतिसाद’ पाचपैकी पाच, हो-हो म्हणतात म्हणून. एकेक गुण चढवत बेरीज केली, तर हो-हो ७०२ आणि चष्मेवाल्या ६९८. जमलं की! चार गुणांनी जमलं.

मौनीबाबांना सहीसाठी बोलावलं, तक्ता तयार करणारा म्हणून त्यांची सही लागते. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. सगळे १८६ प्रश्न. एका ठिकाणी बोट थांबलं. शहाऐंशीवा, ‘आकड्याचा उगम शोधता येतो का?’ हो-होंना मी पाचपैकी चार दिले होते.

मग त्यांनी पेन काढलं. टोपण काढलं. सही करायला वाकले.

आणि मला दिसलं, हा माणूस सही करणार आहे. करेलच. मी सांगितलं म्हणून करेल. विचारून बघितलं होतं त्याने एकदा, आता विचारणार नाही. माझ्या हाताखाली चार वर्षांत हे एवढं शिकला तो.

“थांबा,” म्हटलं आणि कागद ओढून घेतला. सहीची ‘म’सारखी एक रेघ उमटली होती, ती तशीच आडवी ओढली गेली.

“काय झालं, मॅडम?”

“माझं गणित चुकलंय. नव्याने करते.”

बुधवार, १२ फेब्रुवारी

घरी ह्यांना काल सगळं सांगितलं होतं. नकाशावरून टोमणा येईल म्हणून तयारीत होते. नाही आला. हे म्हणाले, “सांगितल्यावर नोकरी जाईल?”

“जाईल किंवा राहील. माहीत नाही.”

“मग डबा नेहमीचाच देतो,” म्हणाले. “जास्तीचा दिला तर तुला वाटेल मला काळजी आहे.”

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बैठक झाली. साहेब होते, संचालक मंडळाच्या हिशेब समितीच्या अध्यक्षीणबाईंना मी स्वतः बोलावून घेतलं होतं. साहेबांना न विचारता. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, पण मी बघितला नाही.

चष्मेवाल्या बाईचं सॉफ्टवेअर निवडावं अशी शिफारस वाचली. कारण विचारलं. म्हटलं, “कारण तिन्हींनी माझी चूक पकडली, पण यांनी ती कुठे आहे ते दाखवलं.” आणि मग सांगितलं. बाविसावं शीट, तिसावी ओळ, चार वर्षं. मौनीबाबांनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं आणि मी त्यांना काय उत्तर दिलं, तेही सांगितलं, सगळ्यांसमोर, कारण ते उत्तरही सगळ्यांसमोरच दिलं होतं.

खोलीत कोणी वहीत लिहीत नव्हतं.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “बेरीज तिसाव्या ओळीवर थांबली? एवढंच?”

“एवढंच.”

“आणि एवढंही न दिसायला आपण ऑडिटरना फी देतो!” त्या माझ्याकडे नव्हे, साहेबांकडे बघून म्हणाल्या. खरेदीवाल्यांना हसू आवरेना. मला रडू आवरेना. कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला तो वेगळाच.

सोमवार, ३ मार्च

निर्णय आला. गेल्या वर्षीचा ताळेबंद दुरुस्त करून पुन्हा छापायचा. सॉफ्टवेअर चष्मेवाल्यांचंच. मला समूह लेखा प्रमुखपदावरून हलवलंय. पगार तोच, खुर्ची वेगळी. वर्षभर ‘ज्ञान हस्तांतरण’ करायचं, म्हणजे चौसष्ट शीट्स एकेक करून समजावून सांगायच्या. नवे प्रमुख मौनीबाबा. साहेबांचं जूनचं लांबलंय म्हणतात. लिफ्टमध्ये भेटले, हवेबद्दल बोलले.

केबिन रिकामी केली. तीन खोकी निघाली. त्यात एक चौदा वर्षांपूर्वीचं हस्तलिखित सापडलं, पहिल्या शीटचं. अक्षर किती सुंदर होतं माझं. फाडून टाकणार होते, फाडलं नाही. भावनेने नाही, त्यात दोन सूत्रांची टिपणं होती, ती लागतील.

मंगळवार, २२ एप्रिल

पहिली चाचणी बेरीज नव्या सॉफ्टवेअरवर. आठवडाभर जीव नकोसा झालाय. कंपनी एकोणीसने आकडे उलट्या चिन्हाने पाठवले, कंपनी चारने गेल्या महिन्याचेच पुन्हा पाठवले, आणि ज्यांनी बरोबर पाठवले ते रोज फोन करून विचारतात, पोचले का? सॉफ्टवेअर आल्याने काम कमी होतं म्हणणाऱ्यांना एकदा माझ्या खुर्चीत बसवायला हवं.

दुपारी मौनीबाबा आले, थेट माझ्या टेबलापाशी. सगळे बसलेले होते. सरळ म्हणाले, “मॅडम, चलनाच्या शीटमधला तुमचा दर चुकलाय.”

‘बघू या का’ नाही, ‘असंच’ नाही. चुकलाय. कानाच्या पाळ्यांपर्यंत गरम झालं मला. दहाएक डोकी वर उठली. ओठांवर आलेलं वाक्य जुनंच होतं, मी ते गिळलं.

“दाखवा,” म्हटलं.

त्यांनी दाखवलं. मी बघितलं. दर बरोबर होता. त्यांनी महिन्याच्या सरासरीऐवजी शेवटच्या दिवसाचा घेतला होता. चूक त्यांची! इतका आनंद मला पगारवाढीलाही झाला नसेल. शांतपणे समजावून सांगितलं. ते ओशाळले, सॉरी म्हणाले.

“सॉरी कशाला? पुन्हा शंका आली तर पुन्हा या. असंच या, सगळ्यांसमोर.”

ते गेले. मी चहा मागवला. चहा येईपर्यंत तो दर आणखी दोनदा तपासला.